विहिरीवरचं वळण

सकाळी पाणी शेंदायला तुळसाने कप्पीवर दोर टाकला, तेव्हा कठड्याच्या दगडांत ठोकलेली खुंटी तिला दिसली. खुंटीला लाल फडकं बांधलेलं होतं.

"हे काय रं ठोकलंय?" जमीन मोजायची साखळी ओढणाऱ्या गड्याला तिने विचारलं.

"रस्ता येतोय, मावशे. लोकल बोर्डाचा."

"हितून? आन् विहीर?"

गड्याने रस्त्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरशियरकडे बोट दाखवलं. विश्राम हा डोंबिवलीचा तरुण, नुकताच पदवी घेऊन नोकरीला लागलेला. तो झाडाखाली नकाशा पसरून उभा होता. त्याने सौजन्याने सांगितलं, "बाई, बांधकामाची भरपाई मिळेल तुम्हाला. आणि चावडीपुढे दुसरी विहीर आहेच की."

हा थट्टा करतोय की याला खरंच काही ठाऊक नाही, हे तुळसाला कळेना. तेवढ्यात वरच्या आळीतून, काळुरामशेटच्या घरून, पाण्याचा तांब्या आला. तुळसाच्या विहिरीच्या कठड्याला टेकून विश्राम ते पाणी प्यायला.

"हितलं पानी गोड हाय, सायेब," तुळसा म्हणाली. "तरी तुमी तिकडलं मागवलंत. मंग आमाला तिकडं कोन शेंदू देनार?"

"अहो, आता कायदा झालाय," विश्राम म्हणाला. तांब्या मात्र त्याने जरा घाईने खाली ठेवला.

कल्याण आणि डोंबिवलीच्या मधोमध, खाडीच्या अंगाला वसलेल्या या वावघर गावाच्या दोन आळ्या. खालच्या आळीतल्या माणसांना गाव अस्पृश्य मानी. चावडीपुढल्या वरच्या विहिरीच्या कठड्याला त्यांचा पदरही लागलेला चालत नसे. म्हणून तुळसाच्या सासऱ्याने आणि त्याच्या भावकीने दुसऱ्यांच्या शेतावर राबून उरलेल्या वेळात स्वतःची विहीर खणली. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरला, ती बातमी चावडीवर मोठ्याने वाचली गेली होती. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि ते आपापल्या विहिरींवर गेले.

रस्ता वळतो तेव्हा त्याला कारण लागतं. खडक आडवा येतो, जमीन पाणथळ असते किंवा चढ अंगावर येतो. स्टेशनापासून बंदरापर्यंतच्या या सपाट माळावर यांपैकी काहीच नव्हतं. आधी आखलेली रेघ सरळ होती, पण ती काळुरामशेटच्या आंबराईतून जात होती आणि काळुरामशेट बोर्डाचे सभासद होते. नवी रेघ आंबराईच्या कुंपणाशी वळली, विहिरीवरून गेली आणि पुढे पुन्हा सरळ झाली. ती विश्रामनेच वरिष्ठांच्या सांगण्यावरून काढली. प्रयोगाने पडताळल्याशिवाय काही मानू नये, असं तो कॉलेजात शिकला होता. 'पर्यायी विहीर उपलब्ध' हे वाक्य मात्र त्याने न पडताळता अहवालात लिहून टाकलं.

तुळसाचा मुलगा गुणाजी कल्याणच्या रेल्वे कारखान्यात फिटर होता. त्याने हरकत घेतली आणि सुनावणीसाठी भूसंपादन अधिकारी चावडीवर आले. वरची आळी ओटीवर सावलीत बसली, खालची अंगणात उन्हात उभी राहिली. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं.

"दुसरी विहीर आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आहे, साहेब," विश्राम म्हणाला.

"आमचे गावान कोनाला बंदी नाय, सायेब," काळुरामशेट म्हणाले. "आमी कायदा मानतो."

"खोटं!" गुणाजी ओरडला. "माझी आई आजवर त्या कठड्याला शिवलेली नाय!"

"शिवली नाय, तर तो तुझे आईचा दोष. आमी कवा अडवली?"

ओटीवर हशा पिकला. तुळसा दोन पावलं पुढे झाली. "सायेब, विहीर ही समोर हाय. मी आत्ता पानी काढते. ही मानसं काय करतात ते तुमीच बगा."

विश्रामने चमकून मान वर केली. त्याने करायचा राहिलेला प्रयोग ही बाई करत होती.

वरच्या आळीतली माणसं उठली. एकाने काठी उचललीसुद्धा. पण काळुरामशेटनी हात वर केला आणि बायकोकडे पाहिलं. मालन हसत पुढे आली, तिने विहिरीचा दोर स्वतःच्या हाताने तुळसापुढे धरला. "काढ गो तुळसे, काढ. लाजतेस कशाला?"

तुळसाने दोर घेतला आणि सोबत आणलेल्या हंड्याला बांधला. हंडा खाली गेला, भरला, वर आला. गुणाजीचे डोळे भरून आले.

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिता लिहिता म्हणाले, "छान. म्हणजे पाणी मिळतं. हरकत फेटाळली."

डोक्यावरचा भरला हंडा घेऊन तुळसा जागच्या जागी थिजली. दोर आपल्या हाती का दिला, ते तिला आत्ता उमगलं होतं.

अधिकाऱ्यांची जीप दिसेनाशी होताच मालनने कप्पीवरून दोर उतरवला, विहिरीत गोमूत्र ओतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज काढलंस, परत आलीस त हात मोडून ठेवीन!"

विश्राम तिथेच उभा होता. तुळसा त्याच्याजवळून जाताना म्हणाली, "तुमी बगितलंत ना? येवढं ध्यानात ठेवा."

भराव टाकायच्या दिवशी दगडांच्या गाड्या विहिरीपाशी येऊन थांबल्या. गडी विश्रामच्या इशाऱ्याची वाट पाहत होते. तुळसाने कप्पीवरचा दोर सोडला, शांतपणे वेटोळं करून खांद्यावर टाकला. तिची सून रतन दोन मडकी घेऊन मागे उभी राहिली.

"चला, सायेब," तुळसा म्हणाली. "तुमच्या कागदावरली विहीर दाखवा मला."

"बाई, माझ्या हातात आता काही नाही. हुकूम वरून आलाय."

"हुकूम वरून आला, पर विहीर हाय म्हनून तुमीच सांगितलंत ना?"

विश्रामने गड्यांकडे पाहून मान हलवली. तो निघाला. पुढे दोर खांद्यावर घेतलेली तुळसा, मागे रतन, तिच्यामागे खालच्या आळीतल्या बायका. पाठीमागे विहिरीत पहिला दगड कोसळल्याचा आवाज आला, तरी तुळसाने वळून पाहिलं नाही.

वरच्या विहिरीभोवती माणसं काठ्या घेऊन उभी होती. काळुरामशेट म्हणाले, "ओव्हरशियरसायेब, तुमी कशाला यांच्यान? आमचे घरचं पानी गोड लागला ना तुमाला?"

"लागलं," विश्राम म्हणाला. "इथे सगळ्यांना पाणी मिळतं, असं मी लिहून दिलंय. ते खरं होतंय का, ते बघायला आलोय."

"नोकरीला मुकशील, बामना!" काळुरामशेट ओरडले.

तुळसाने स्वतःचा दोर कप्पीवर टाकला. मालनने भिरकावलेला दगड मडक्यावर बसला आणि खापऱ्या कठड्यावर विखुरल्या. रतनने दुसरं मडकं पुढे केलं. मग काठ्या चालल्या. गुणाजीचं डोकं फुटलं. विश्रामच्या मनगटाचं हाड मोडलं. त्या दिवशी पाण्याचा थेंबही वर आला नाही.

आज कल्याणच्या कोर्टात त्या मारहाणीचा खटला उभा आहे. फिर्याद तुळसाची आणि पहिला साक्षीदार विश्राम. त्याची बदली झाली आहे, पण प्रत्येक तारखेला तो येतो आणि आपण अहवालात काय खोटं लिहिलं, तेही सांगतो. तुळसा रोज सकाळी दोर घेऊन वरच्या विहिरीवर जाते. कधी पाणी मिळतं, कधी मार.

रस्ता मात्र उत्तम झाला आहे. वाचकहो, तुम्ही त्यावरून बसने गेला असाल. सपाट माळावर, हिरव्यागार आंबराईच्या कुंपणाशी, काही कारण नसताना बस एकदम कलते आणि आपण पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरतो. पुढल्या खेपेला दांडी धराल तेव्हा खिडकीबाहेर पाहा. खांद्यावर दोर घेतलेली एखादी बाई रस्त्याच्या कडेने चालताना दिसेल. तिची विहीर तेव्हा तुमच्या चाकांखाली असते.