काका, अडकलं!

डोणगावच्या अभ्यासिकेत अठ्ठेचाळीस संगणक, अठ्ठेचाळीस हेडफोन आणि एक दयाराम इंगळे होते. पहिल्या दोहोंची नोंद साठा-रजिस्टरात होती.

दयाराम एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. दिवसाला तीनशे माणसं. त्यांतली निम्मी सुट्ट्या पैशांवरून भांडायची, पण भांडण म्हणजे बोलणंच की. मग ते निवृत्त झाले, दुसऱ्या वर्षी पत्नी सिंधूताई गेल्या. मुलगा प्रसेनजित हैदराबादला. दर रविवारी फोन करून "जेवले का?" विचारायचा. जेवलो म्हटलं की फोन संपायचा. एका रविवारी दयाराम मुद्दाम "नाही" म्हणाले. "मग जेवून घ्या," असं सांगून त्यानं फोन ठेवला.

माणसांत राहायला मिळेल म्हणून त्यांनी अभ्यासिकेची देखरेख पत्करली. माणसं होती, पण स्पर्धा परीक्षेची. आली की कान झाकायची आणि व्याख्यान लावायची.

व्याख्यानं सगळी दयारामच्या खुर्चीमागच्या कपाटात, जुन्या सर्व्हरच्या पोटात. तिथून एकच वायर बाहेर यायची. सकाळी अकराला सगळ्यांनी एकदम व्याख्यान लावलं की पडद्यावरचे सर फळ्याकडे बोट करून थिजायचे. मग अठ्ठेचाळीस हेडफोन खाली यायचे.

"काका, अडकलं!"

"काका, सर जांभई देतानाच थांबले!"

"ओ काका, तुमच्या गाडीले धक्का माराव लागते का?"

"गर्दी आहे, दम धरा," दयाराम म्हणायचे. "तुले काय मंत्रालयात आताच रुजू व्हायचं आहे का बे?"

दहा-बारा मिनिटं असा बाजार भरायचा. दिवसभरातलं त्यांचं बोलणं एवढंच. हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. पण बिघाड दिसला की लिहायचा, हा कंडक्टरचा स्वभाव. त्यांनी अकरा तक्रारी लिहिल्या. बाराव्या तक्रारीला नांदुऱ्याहून दुरुस्तीवाला शेखर आला.

शेखरनं कपाटात डोकं घातलं आणि हसला. "काका, याले चार जागा आहेत वायरीच्या. तीन रिकाम्याच राह्यल्या इतके दिवस."

"मंग?"

"मंग काय. चार वायरी लावतो अन् चारीची एक जुडी करतो. गर्दी वाटून घेतेत आपसात. एखादी निघाली तरी बाकीच्या तिचं ओझं उचलतेत. कोणाले पत्ताबी लागत नाई."

"असं घर नाई पाह्यलं मी," दयाराम म्हणाले.

शेखरनं सर्व्हरला समजावलं, वायरी जिथं जातात त्या पेटीलाही समजावलं, दयारामच्या डब्यातली दीड भाकर ठेच्याबरोबर खाल्ली, आणि गेला. "आता बोलवायचं काम नाई पडत तुमाले," असं जाताना म्हणाला. हे तो चांगल्या मनानं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशीही सर न थिजता शिकवत राहिले. नवव्या दिवसापर्यंत दयारामशी एकूण दोन वाक्यं बोलली गेली. दोन्ही "पंखा वाढवा" हीच.

दहाव्या दिवशी त्यांनी कपाट उघडून एक वायर काढली. कुणी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी काढली. शेखरचं काम पक्कं होतं. तिसऱ्या दिवशी तिसरी काढली आणि खुर्चीत बसून घड्याळाकडे पाहू लागले.

अकरा वाजून चार मिनिटांनी एक हेडफोन खाली आला. मग सगळे.

"काका, अडकलं!"

"आलं का डोणगाव?" दयाराम एसटीतल्यासारखं इतक्या जोरात म्हणाले की दोघंतिघं दचकली, मग हसली. गलका झाला. धक्का मारायची चौकशी झाली. दयारामनं सगळ्यांना पुरून उरेल इतकं बोलून घेतलं.

जानेफळची मयुरी तेवढी हसत नव्हती. ती उठून त्यांच्यापाशी आली. "काका, सव्वा अकराले माही सराव परीक्षा आहे. शेवटची. सोमवारी पेपर आहे."

दयाराम कपाटाकडे वळले. मयुरी मागोमाग आली. आत तीन वायरी तिकिटांच्या गठ्ठ्यासारख्या नीट गुंडाळून, रबर लावून ठेवलेल्या.

"तुमीच काढल्या?"

"हाव."

"काऊन?"

दयारामनं रबर काढलं, एकेक वायर खोचली. बरोबर सव्वा अकराला मयुरीनं कान झाकले. बाकीच्यांनी तिच्याआधीच झाकले होते.

दुपारी त्यांनी मोबाइलवर तक्रारीचा अर्ज उघडला. 'बंद', 'संथ' आणि 'इतर'. त्यांनी 'इतर' निवडलं आणि लिहिलं: 'नेट अतिशय उत्तम चालत आहे. कृपया तातडीने माणूस पाठवून खात्री करावी.'

चार मिनिटांत उत्तर आलं: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'

त्यांनी दुसरी तक्रार लिहिली: 'तक्रारी फार लवकर निकाली निघतात.'

तीही निघाली.

सहाला अभ्यासिका रिकामी होऊ लागली. मयुरी दप्तर खांद्याला अडकवून दारापर्यंत गेली, परत आली.

"काका, सोमवारपर्यंत नका काढू."

"नाई काढत."

"मंगळवारी काढा. माह्या मागं काई नाई त्या दिवशी." तिनं थोडा विचार केला. "एकच काढा पण."

"एक काढून काई होत नाई," दयाराम म्हणाले. "तीन काढाव लागतेत."

"मंग तीन काढा," मयुरी म्हणाली, आणि जानेफळची गाडी धरायला पळाली.