कळसच्या दप्तराचा रुमाल

मी एक जुना लाल रुमाल आहे. खिशातला नव्हे हं, मित्रांनो! गावच्या जमिनींचे कागद बांधून ठेवायचा, खारव्याच्या जाड कापडाचा, चांगला दोन हात लांबरुंद. बारामतीच्या पेठेत शिंप्याने माझ्या कडा दुमडल्या आणि एकोणीसशे एकतीस साली मी इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या चावडीत आलो. तलाठी बापूसाहेबही तेव्हा गावात नवेच होते. ते मला इतके नीटस बांधत, की पाहुणे म्हणत, "दप्तर असावं तर असं!" मी फुगून जाई.

कुणाला शेताचा उतारा हवा असला, की माझी गाठ सुटायची.

एका सकाळी जयवंता आली. कडेवर लहानगी रतन. नवरा पाय मोडून घरी पडलेला. उसाला पाटाचं पाणी मिळायला अर्जासोबत त्याच्या नावाचा उतारा लागे, आणि अर्जाचा तो शेवटचा दिवस. पाणी चुकलं, तर उभा ऊस वाळणार होता.

"मालकाचं नाव सांगा," बापूसाहेब म्हणाले.

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं कसं? जयवंता हळूच म्हणाली, "रतनचं वडील."

गावात रतन दोन! बापूसाहेबांनी टाक बुडवला, उतारा लिहिला आणि वाचला, "मानसिंग..."

"अगं बया! त्ये न्हाईत!"

चावडीतले बाप्ये खो खो हसले. "आमाला नाव ठावं हाय, बापूसाहेब," सर्जेराव म्हणाला, "पर वहिनींच्याच तोंडून ऐकू द्या की!"

बापूसाहेबांनी कागद फाडला आणि मला पुन्हा करकचून बांधलं. "नाव नाही, तर उतारा नाही."

कोपऱ्यात म्हातारी दगडाबाई बसली होती. ती म्हणाली, "जयवंते, लग्नात एवढ्या मांडवात नाव घेतलंस, न् हितं चार बाप्यांना भितीस व्हय?"

जयवंताने पदर सारखा केला, रतनला वर सरकवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"नीरेच्या पाटाला पाणी भरलं काठोकाठ,
कुंडलिकरावांचं नाव घेते, सोडा दप्तराची गाठ!"

सर्जेराव खाली बघू लागला. बापूसाहेबांनी हसू दाबत माझी गाठ सोडली. शाई वाळेपर्यंत मायलेकी कागदावर फुंकर घालत राहिल्या. दुपारी जयवंता पाटाच्या कचेरीत पोचली, आणि त्या पाळीला उसाला पाणी मिळालं.

आता माझा रंग विटलाय. नवा रुमाल आला, माझ्याने कंदिलाच्या काचा पुसतात. तक्रार नाही. एवढंच सांगतो, मित्रांनो, घरातले कागद कोरड्या, स्वच्छ फडक्यात बांधा. त्यांना कसर लागू देऊ नका. एखाद्या कागदावरचं नाव कुणीतरी लाजत, पण न घाबरता घेतलेलं असतं.