राखणीची जाळी

मित्रांनो, रस्त्याच्या कडेला लोखंडी गजांना बांधलेली, उन्हानं विटलेली एक जुनी नारिंगी जाळी तुम्ही पाहिली असेल. ती मीच, किंवा माझी एखादी बहीण. आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो. आमच्यामुळे वळसा पडला की तुम्ही चिडता आणि पुढे जाता. त्यात तुमचं काही चुकत नाही. जाळीकडे बघायचं नसतंच, तिच्या आत काय आहे ते बघायचं असतं. माझी सगळी गोष्ट तेवढ्याचीच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकचे दाणे वितळवले, दाबले, ताणले आणि भोकाभोकांची मी तयार झाले. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "हिचा रंग बघा कसा डोळ्यात भरतो!" माझ्या रूपाचं कौतुक झालं ते तेवढंच. मग माझी गुंडाळी करून ढिगावर टाकली.

पहिली काही वर्षं मी शहरातल्या रस्त्यांवर काढली. नळ घालायला खड्डा खणला की मला भोवती बांधायचे, बुजवला की सोडायचे. खड्ड्यांना काही तोटा नव्हता. एक आजोबा बसची वाट बघताना माझ्या गजाला टेकून फोनवर मुलाला झापायचे. एका बाळानं माझ्या भोकात बोट घातलं आणि काढेचना. आईनं ओढलं तेव्हा त्यानं गल्ली डोक्यावर घेतली. मला राग नव्हता, आनंदही नव्हता. आत खड्डा आहे आणि कोणी पडलं नाही, एवढं मला पुरत होतं.

मग मला ट्रकमध्ये टाकून मोठ्या रस्त्याच्या कामावर नेलं. डोंगराच्या उतारावरून हमरस्ता जाणार होता. तिथे एक वनस्पतीतज्ज्ञ बाई होत्या. कामगार त्यांना रोपबाई म्हणत. त्या उतारावर एका ठिकाणी एक लहानसं रोप उगवत होतं. जमिनीत शेंगदाण्याएवढा कंद, वर दोन पानं आणि मधोमध एक पांढरं फूल. पूर्वी ते आणखी कुठे कुठे होतं म्हणे, पण तिथे आता घरं झाली होती. उरलं होतं ते या तुकड्यावर. बाईंनी वर्षभर भांडून रस्ता थोडा वळवून घेतला होता.

मला स्वतःच्या हातानं गजांना बांधत त्या मुकादमाला म्हणाल्या, "हे बघा, या जाळीच्या आत काही म्हणजे काही जाता कामा नये. यंत्र नाही, दगड नाही, माणूस नाही."

"बाई, माझ्यावर सोडा," मुकादम म्हणाला. "आत माशी बसू देणार नाही."

त्यानं ते मनापासून म्हटलं होतं.

पाऊस सरला, तशी रोपांची पानं वाळून गळून गेली. ही रोपं कोरड्या दिवसांत जमिनीखाली झोपतात, वर मागमूस ठेवत नाहीत. माझ्या आत नुसती मोकळी माती दिसू लागली. त्याच सुमारास बाईंचे वडील आजारी पडले. आता काही महिने इथे बघण्यासारखं काही नाही, असा विचार करून त्या वडिलांजवळ राहायला गेल्या.

मी बरोबर वळणावर होते, आणि डंपर वळवायला माझी अडचण व्हायची. मुकादमाचा मेव्हणा डंपर चालवायचा. एकदा खडीनं भरलेला डंपर वळवताना त्याचं मागचं चाक कडेवरून घसरलं. डंपर कलंडता कलंडता राहिला. मेव्हणा घाबरून खाली उतरला. मुकादमानं त्याला पाणी पाजलं आणि स्वतः कपाळाला हात लावून बसला.

"तुला काही झालं असतं तर तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवलं असतं मी?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला सोडलं आणि वळणापासून बाजूला, उताराच्या वरच्या अंगाला नेऊन पुन्हा बांधलं. बांधण्याआधी त्यानं टेप लावून चारही बाजू मोजल्या. मेव्हण्यानं विचारलं, "बाई रागावणार नाहीत ना?"

"का रागावतील? जागा तेवढीच आहे की! उलट चार बोटं जास्तच दिली."

मित्रांनो, रस्त्याच्या कामात असंच चालतं. कोणाचं कुंपण तोडलं तर मागे तेवढंच बांधून देतात, कोणाची जमीन घेतली तर दुसरीकडे तेवढीच देतात. मुकादमाचं आयुष्य त्यात गेलं होतं. राखायची आहे ती जागा, आणि जागा म्हणजे लांबी गुणिले रुंदी, असं त्याला वाटलं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते, असं तुम्हाला वाटेल. खरं सांगू? मला काहीच वाटलं नाही. मला बांधलं, मी उभी राहिले.

आणि माझी काय बडदास्त ठेवली त्यानं! माझी एक गाठ सैल झाली तर स्वतः आवळायचा. एकानं विडीचं थोटूक आत फेकलं, तर त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं आणि लांब काठीनं ते बाहेर काढायला लावलं. आत पाय ठेवायचा नव्हता ना! धूळ बसवायला पाण्याचा टँकर यायचा, तेव्हा सांगायचा, "जाळीच्या आतही जरा मार रे, बाईंचं रोप आहे." काही दिवसांनी आत हिरवं हिरवं फुटलं. मुकादमाचा आनंद गगनात मावेना. ते साधं तण होतं.

आणि माझ्या जुन्या जागेवर खडी पसरून रोलर फिरवला होता. भरलेले डंपर दिवसभर तिथून वळत होते. मला ते दिसत होतं. मी दोन्हीकडे सारखंच बघत होते.

पाऊस सुरू झाल्यावर बाई परत आल्या. एव्हाना वळणावरचा मोठा दगड फोडून टाकला होता, झुडपं गेली होती, सगळा उतार एकसारखा झाला होता. ओळखीची खूण म्हणून मीच तेवढी उरले होते. ऑफिसातल्या नकाशात नेमकी जागा होती म्हणा, पण समोर जाळी उभी असताना नकाशा कोण उघडतं? बाई सरळ माझ्यापाशी आल्या. गुडघ्यांवर बसून तण बाजूला करू लागल्या. दोन पानं कुठेच नव्हती. त्या रोज येऊ लागल्या. रोज वाकायच्या आणि रोज चेहरा आणखी उतरलेला घेऊन जायच्या.

शेवटी मुकादम चहा घेऊन आला. "बाई, एवढं काय शोधताय? चांगलं तरारलंय की!"

"हे तण आहे हो," बाई म्हणाल्या. "माझं रोप आलंच नाही. धुळीनं गेलं की काय, कळत नाही."

"जाईल कसं? पोटच्या पोरासारखं जपलंय. जाळी सरकवली तेव्हासुद्धा टेपनं मोजून एक इंच कमी होऊ दिली नाही."

बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. "जाळी सरकवली?"

"हो, तिकडून इकडे," असं म्हणत त्यानं बोट दाखवलं, आणि बोट खाली घ्यायच्या आत त्याला कळलं. बाई ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या सरळ वळणाकडे चालू लागल्या.

मुकादमानं डंपर थांबवले. यंत्र आणू दिलं नाही. तो, त्याचा मेव्हणा आणि चारपाच कामगार खाली बसले आणि हातांनी खडी उचलू लागले. खालची माती फरशीसारखी घट्ट झाली होती. पाणी घालून, सळईनं हळूहळू ती सैल केली. कंद सापडत गेले. बहुतेक चपटे झाले होते, काही काळे पडले होते. मुकादम प्रत्येक कंद ओंजळीत घेऊन बाईंकडे जायचा. "हा?" बाई नाही म्हणून मान हलवायच्या. "आणि हा?" संध्याकाळपर्यंत मूठभर टणक कंद निघाले. ते जिवंत आहेत का, हे पुढच्या पावसाशिवाय कळणार नव्हतं. बाईंनी तिथेच माती भुसभुशीत करून ते पुन्हा लावले. मला सोडून जुन्या जागी बांधलं. डंपरसाठी दुसरीकडून वळण काढलं. थोडं लांब पडलं, पण निघालं.

मुकादम माझा गज ठोकत होता आणि रडत होता. "बाई, मी तुमचं ऐकलं होतं हो."

"हो," बाई म्हणाल्या. "मी जाळीच राखायला सांगितली होती."

त्यानंतर रस्ता पुरा झाला आणि गाड्या धावू लागल्या. पुढच्या पावसात माझ्या आत एका ठिकाणी दोन पानं वर आली, आणि मग पांढरं फूल आलं. बाईंनी मुकादमाला फोन केला. त्याचं काम आता दूर कुठेतरी होतं, तरी तो मेव्हण्याला घेऊन आला. माझ्यावरून वाकून बघतो तर काय, फूल!

"आलं की हो बाई!" त्यानं हात जोडले. "सुटलो!"

"हो, आलं," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

तो गेल्यावर त्यांनी वडिलांना फोन लावला. "एकच आलंय, बाबा. बाकीचे सगळे कुजले. याला एकट्याला बी धरत नाही, शेजारी दुसरं फूल लागतं. मुकादमाला कसं सांगू?" मला वाईट वाटायला हवं होतं. वाटायची वेळ बहुधा निघून गेली होती.

मित्रांनो, मी अजून उभी आहे. रंग उडालाय, दोन ठिकाणी फाटलेय. आत एक रोप आहे. दर पावसात ते फुलतं, आणि बी न धरता वाळून जातं. बाई दर पावसात दुसरं शोधायला डोंगर पालथे घालतात. अजून सापडलेलं नाही. तुम्हाला कोणी काही सांभाळायला दिलं, तर नेमकं काय सांभाळायचं ते आधी विचारून घ्या. आणि कुठे फिरताना दोन पानांमध्ये एक पांढरं फूल दिसलं, तर ते तोडू नका, घाईनं जाळीही बांधू नका. तिथेच उभे राहा आणि बाईंना हाक मारा.