कोपराखालची दोन बोटं

वॉर्डात तिला सगळे ‘धांदल’ म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याने ते नीट डोळे उघडे ठेवूनच ठेवलं होतं. नर्सिंग कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता. तोवर घरी बसून आईचं डोकं खाण्यापेक्षा ती मदतनीस म्हणून लागली. अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, शौचाचं भांडं द्यायचं, भरवायचं. लोक ज्या कामांना नाकं मुरडतात ती ही पोरगी अशा हौसेने करी, जणू घरचंच कार्य आहे.

तिचा जीव जडला होता खिडकीजवळच्या ड्रायव्हर आजोबांवर. जन्मभर बस चालवलेला माणूस मांडीचं हाड मोडून आडवा झाला होता. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण उठायचा धीर होईना. लेक घरी न्यायला एका पायावर तयार होती, पण ती दिवसभर कामावर. “बाबा एकटे उठून बाथरूमला जायला लागले की लगेच नेते,” ती म्हणाली. “नाहीतर वृद्धाश्रमाशिवाय इलाज नाही हो.” त्या दिवशी आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले ते जेवलेसुद्धा नाहीत.

मग काय, धांदलीने कंबर कसली. रोज सकाळी हजर. “चला आजोबा, गाडी काढा!”

“आधी पॅसेंजर तर नीट उभे राहू देत,” म्हणत आजोबा उठायचे आणि वॉकर धरून चालू लागायचे.

“एकटे उठतात ना गं?” मोठ्या सिस्टर जाता जाता विचारत.

“अगदी एकटे! मी नुसती शेजारी असते.”

खोटं बोलत नव्हती बिचारी. तिला खरंच तसं वाटत होतं.

लेकीला दाखवायचा दिवस आला. सिस्टरांनी धांदलीला पलंगापासून लांब उभं केलं. आजोबा काठावर सरकले, पाय टेकवले, उजवं कोपर जरासं बाहेर काढलं आणि थांबले. थांबलेच. लेकीला काही कळेना. धांदलीला मात्र लख्ख कळलं. त्या कोपराखाली रोज तिची दोन बोटं असत. जोर म्हणून नव्हे, आपली नुसती मायेने. पण आजोबा उठत होते ते त्या दोन बोटांच्या भरवशावर.

“पुढच्या आठवड्यात परत येते,” लेक डोळे पुसत म्हणाली. “तेव्हाही नाही जमलं, तर मग बोलावंच लागेल तिकडे.”

सिस्टरांनी धांदलीला चादरींच्या खोलीत गाठलं. “अति तिथे माती, कळलं? तुझ्या मायेने म्हाताऱ्याची वृद्धाश्रमातली खाट पक्की होतेय!”

धांदलीने उशांच्या अभ्र्यांत तोंड खुपसलं.

“अगं, ते धुतलेले आहेत. रडायचं तर मळक्यांत रड,” सिस्टर म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून धांदल हात मागे बांधून उभी राहू लागली.

“हात दे ना, पोरी.”

“नाही आजोबा. माझंच चुकलं होतं. तुमचे तुम्ही उठा.”

“कॉलेजात जायच्या आधीच शिंगं फुटली तुला!” आजोबा भडकले आणि तिच्याशी बोलेनासे झाले. उठायला गेले की धप्पकन खाली बसत. तिचे हात असे शिवशिवत, की ती एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळून धरी. घरी जाऊन आईजवळ रडे. ज्या माणसासाठी जीव टाकावा त्याचाच अबोला सोसणं फार जिवावर येई तिच्या.

लेक पुन्हा आली. आजोबांचं कोपर सवयीने बाहेर आलं, नजर धांदलीवर गेली. ती हलली नाही. आजोबा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, बहुतेक छापण्याजोगं नसावं. कोपर मागे घेतलं, दोन्ही पंजे गादीवर रोवले आणि जोर केला. अर्ध्यावरून खाली बसले. पुन्हा जोर केला, आणि उठले.

वॉकर सरकवत ते निघाले. धांदल सवयीने मागोमाग. बाथरूमच्या दारात आजोबा वळले.

“कुठे निघालीस? बाहेर थांब.”

दार तिच्या तोंडावर बंद झालं आणि आतून कडी लागली. लेक रडतारडता हसायला लागली. धांदल त्या बंद दारासमोर उभी राहिली. कुणी तोंडावर दार लावल्याचा इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता.