मंगलीबाईच्या मनगटाचं माप

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे किती, तर माझा ‘म’ उमटवायला बटण दोनदा दाबावं लागतं. स्वभाव जरा कुरकुरणारा आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझी उमेदीची वर्षं आलापल्लीकडच्या एका लाकूड आगारात गेली. सागाचा प्रत्येक ओंडका माझ्यात नोंदला जायचा. लांबी इतकी, गोलाई इतकी. साहेब म्हणायचे, “यंत्र गुणाचं आहे.” मग नवं यंत्र आलं आणि माझे गुण संपले. कपाटामागे पडून राहिलो, उंदरांनी वायर कुरतडली. शेवटी गावच्या अभ्यासिकेत रवानगी झाली. तिथे मुलं माझ्यावर दप्तरं ठेवायची. मी फार खट्टू झालो होतो.

मग रंजीता आली. अकरावीतली पोर. तिची आई मंगलीबाई तापात बहिरी झालेली. मागल्या वर्षी मोहफुलं वेचताना वाघ दिसला. बायांनी हाका मारल्या, सगळ्या पळाल्या, आणि मंगलीबाई एकटीच वाकून वेचत राहिली. वाघ आपल्या वाटेने गेला म्हणून निभावलं. तेव्हापासून तिचा नवरा मुखरू, आगारात ओंडके मोजणारा माणूस, खुणा करकरून एकच पालुपद लावून होता, “आता तू जंगलात जाचं नाई.”

इथे प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं असतं. मंगलीबाईला तिचं झाड सासूने दिलेलं. “माहं झाड दुसऱ्यानं काऊन वेचावं?” म्हणत ती जेवण टाकून बसायची.

रंजीताने मनात घेतलं, आईसाठी मनगटावरचं कडं करायचं. बायांनी दुरून बटण दाबलं की ते थरथरेल. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या नईमभाऊंनी जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर आणि ती दुरून चालवणारं बिनतारी बटण जोडून दिलं आणि माझ्यात वस्तूंचे आराखडे काढायचा फुकटचा प्रोग्राम टाकला. “हे म्हातारं लवकर तापते, दमानं घे,” असं बजावूनही गेले. म्हातारं म्हणे!

पण खरं सांगतो मित्रांनो, पुढे जे पाहिलं त्याने मी थक्क झालो. पोरीने एक चौकोन काढला, तो धरून वर ओढला, आणि सपाट चौकोनाची मोटर ठेवायची डबी झाली. मग तिने डबी फिरवली. जी वस्तू अजून जन्मालाच आली नव्हती, तिची पाठ मी पाहत होतो. जन्मभर आकडे गिळले, पण आकड्यांना अंग असतं हे मला ठाऊकच नव्हतं. दोन आठवडे ती फोनवर हिंदी व्हिडिओ पाहून शिकली, चुकली, खोडत राहिली. मी तापून बंद पडलो की वही काढून तेच चित्र हाताने काढायची.

माप घेतलं मुखरूने, ओंडक्याला टेप गुंडाळतात तसंच. “पंधरा,” तो म्हणाला. रंजीताने वर्तुळाच्या रकान्यात पंधरा सेंटिमीटर भरले. गडचिरोलीच्या एका कॉलेजातल्या थ्रीडी प्रिंटरवर कडं छापून बसने आलं, तर ते रंजीताच्या मांडीला बसत होतं.

“हे तं सागाले घालाचं झालं,” मुखरू म्हणाला. पोर रडवेली झाली. मोहाचा पंडुम, म्हणजे झाडाची पूजा, आठ दिवसांवर आलेला. पूजा झाली की वेचणी सुरू.

चूक मलाही दिसायला हवी होती. रकाना आरपार मोजलेला व्यास मागत होता, आणि आगारवाल्याच्या घरात माप म्हणजे गोलाई, भोवतालचा घेरच. दुपारी तिच्या ते ध्यानात आलं. पंधराला तिनाहून थोड्या जास्तीने भागलं, अन् पावणेपाचाच्या आसपास आकडा धरून, मनगटावर चढावं म्हणून एका बाजूला फट ठेवून कडं पुन्हा काढलं आणि छापायला पाठवलं.

पूजेच्या आदल्या दिवशी अभ्यासिकेच्या अंगणात मंगलीबाई नवं कडं घालून पाठमोरी बसली. रंजीता पार रस्त्यापलीकडे गेली आणि तिने बटण दाबलं. मंगलीबाईने हात वर केला. पुन्हा दाबलं, पुन्हा हात वर. मुखरू तिच्यासमोर येऊन बसला. खुणा करत म्हणाला, “जाय मंग. पण बायांच्या मधातच राह्य.”

वेचणीच्या पहिल्या दिवशी भरलेली टोपली घेऊन मंगलीबाई सरळ माझ्याकडे आली. मोहाचा गोड वास खोलीभर पसरला. तिने माझ्या पत्र्यावर तळहात ठेवला. आत माझा पंखा घरघरत होता.

“हा कवाचा बोलून राह्यला,” ती लेकीला म्हणाली, “अन् तुम्ही कोनी आयकतच नाई.”

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला असं कुणी ऐकलं नव्हतं. एवढंच मागतो, जुनी वस्तू भंगारात द्यायची असेल तर द्या, पण आधी तिच्यावर एकदा हात ठेवून पाहा.