पाडव्याला पानावरून उठलेली मुलगी

गेल्या ऑगस्टपासून आमच्या माडीवर इथिओपियाची एक मुलगी राहते. नाव हिवोत. आनेकल रस्त्यावरच्या एका कॉलेजात संगणक शिकते. खोली मागायला आली तेव्हा मी नकोच म्हणणार होते. पण तिनं पायरीखाली चपला काढल्या, हात जोडले आणि "नमस्कार अक्का" म्हणाली. माझ्या सख्ख्या भाच्या बुटांसकट स्वयंपाकघरापर्यंत येतात. आमच्या ह्यांनी, म्हणजे नागोजीरावांनी, माझं तोंड बघितलं आणि मुकाट्यानं किल्ली काढून दिली.

कॉलेजानं परदेशी मुलांना एक पुस्तिका दिली होती. भारतात रोज कसं वागावं त्याची. उजव्या हातानं द्या-घ्या, मोठ्यांसमोर पाय पसरू नका, जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका. हिवोतनं ती पाठच केली होती. आमच्या घराण्याला बेंगळुरात साडेतीनशे वर्षं झाली, आम्हाला कुणी असं काही छापून दिलं नाही.

सहा महिने छान गेले. सकाळी ती खाली येऊन ओट्याशी उभी राहून कॉफी प्यायची. आम्ही अर्धं इंग्रजी, अर्धं कन्नड बोलायचो. कॉफी मुळात आमच्या मुलखातली, असं ती म्हणायची. असेल, मी म्हणायचे, पण डिकॉक्शन आमचंच. ती हसायची. माझ्या संकष्ट्या, एकादश्या तिला तोंडपाठ झाल्या होत्या. माझे उपास तशी सगळी गल्लीच ओळखते, कारण मी ते सांगते.

फेब्रुवारीच्या मध्यावर काय झालं कोण जाणे. "कॉफी नको अक्का, पोट बरं नाही." दुसऱ्या दिवशी दहीभात दिला, तर "कॉलेजात खाल्लं." मग साबुदाण्याच्या तुपातल्या खिचडीचा डबा होता तसा परत आला. वर पुन्हा थँक्यू. मला राग लवकर येतो, आणि आला की मुक्काम ठोकतो. मी देणं बंद केलं.

तरी पाडव्याला तिला जेवायला बोलावलं. सणाला घरातलं माणूस उपाशी ठेवायचं नसतं. इंदिरानगरहून माझ्या थोरल्या जाऊबाई चंपाक्का सहकुटुंब आल्या होत्या. त्यांना यायला उशीर झाला, साडेतीनला केळीची पानं मांडली, वरणभातावर तूप सोडलं, दुधात भिजवून पुरणपोळी वाढली, दह्यातली कोशिंबीर, बासुंदी. हिवोत साडी नेसून आली होती. कुठून शिकली देव जाणे, निऱ्या माझ्यापेक्षा बऱ्या होत्या. कडुलिंब-गूळ तिनं तोंड वाकडं न करता खाल्ला. मग पानाकडं बघत बसली. मी आग्रह केला. जाऊबाईंनी केला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हात जोडून ती उठली आणि वर निघून गेली.

भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे आपल्यात कुणाला सांगावं लागत नाही. जाऊबाई म्हणाल्या, "सगुणा, असली माणसं ठेवतेस घरात?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मी वर जाऊन स्पष्ट सांगितलं. महिनाअखेर खोली सोड. अक्षराला, माझ्या भाचीला, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागलीय, तिला देणार आहे. हिवोतच्या हातात एक कागद होता. इथं राहायची मुदत वाढवायची तर घरमालकाची सही लागते. दहा दिवसांत तो कागद गेला नाही तर शिक्षण अर्धवट टाकून परत जावं लागलं असतं. हे मला माहीत होतं. तरी मी सही केली नाही. तिनं कारण विचारलं नाही, "सरी अक्का," बरं अक्का, एवढंच म्हणाली.

त्यानंतर रोज ती कॉलेज सुटल्यावर उन्हात खोल्या बघत हिंडायची. रंग आणि केस बघून लोक दारातूनच नाही म्हणायचे. मी गॅलरीतून तिचं येणं बघायचे आणि आत जायचे. वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही.

सहा दिवस झाले. कोपऱ्यावरच्या वादिराजच्या दुकानात मी गूळ घेत होते. तो म्हणाला, "अक्का, तुमच्या माडीवरच्या मुलीला कसलं दुखणं आहे हो?"

"का?"

"दीड महिना झाला, बिस्किटाचा पुडा घेते, मागचं वाचते आणि परत ठेवते. दूध बेडा, तूप बेडा, काही नकोच. नुसते शेंगदाणे नेते. आणि तेही दुपारी तीननंतर खाते म्हणे."

गूळ तिथंच ठेवून मी घरी आले आणि थेट माडी चढले. हिवोत बॅग भरत होती. मी दारातच विचारलं, "तुला काय झालंय? खरं सांग."

तिनं हातातली साडी बॅगेत ठेवली. मग म्हणाली, "उपास आहे अक्का."

"कसला उपास? उपासाला दूध चालतं. मी खिचडी दिली होती."

"आमच्यात दूध चालत नाही. तूप, दही, अंडं, मांस, काहीच नाही. दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा नाही. पंचावन्न दिवस. ईस्टरपर्यंत."

मी खाटेवर बसले. पंचावन्न दिवस, तीनपर्यंत निर्जळी, आणि हिंडत होती मार्चच्या उन्हात. मी एकादशीला साबुदाणा, रताळी, केळी, दूध, वर शेंगदाण्याचा लाडू खाते आणि संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून आडवी होते.

"अगं, मग सांगायचं नाही का मला?"

"घरी सांगावं लागत नाही. सगळं गावच करतं. इथं कुणी करत नाही, तर आई म्हणाली, सांगू नकोस. सांगितलं की तो उपास लोकांसाठी होतो, देवासाठी राहत नाही. आणि पुस्तिकेत लिहिलंय, जेवायला नाही म्हणायचं नाही. म्हणून पाडव्याला मी आले. कोरडा भात तरी असेल वाटलं."

मला इतकी लाज वाटली की तिच्याकडं बघवेना. तिच्या एकटीच्या ताटात तूप नसतं सोडलं तर काय बिघडलं असतं? "काय चालतं तुला?" हे तीन शब्द मी सात महिन्यांत विचारले नव्हते. माझ्याहून चाळीस वर्षांनी लहान पोर, परक्या देशात, कुणी बघणारं नसताना एवढं कडक व्रत पाळत होती. असं माणूस माझ्या घरात राहतं याचा मला अभिमान वाटायला हवा होता.

"कागद आण," मी म्हटलं. तिथंच खाटेवर बसून सही केली. अक्षराला दुसरी खोली मिळेल, तिला कुणी दारातून परत पाठवणार नाही. हिवोतनं कागद दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाली, "अक्का, उपासाचं कुणाला सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हणाले.

खाली आले तर जाऊबाईंचा फोन. "गेली का गं ती?"

सगळं ओठांवर आलं होतं. पंचावन्न दिवस, तीनपर्यंत पाण्याचा थेंब नाही, तुम्ही-आम्ही काय करतो हो उपास? एवढं बोलले असते तर माझं नाक वर राहिलं असतं. मी ते गिळलं.

"नाही जाऊबाई. ती इथंच राहणार आहे. पाडव्याला चूक माझी झाली. तिला काय चालतं ते न विचारताच मी पान वाढलं."

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, माझी चूक झाली असं मी त्यांना पहिल्यांदाच सांगत होते.