दोघांचा एकच आकडा

कचेरीत मला घारकाका म्हणतात. डोळे घारे आहेत म्हणून नव्हे, नजर घारीची आहे म्हणून. होती म्हणून, असं म्हणायला हवं, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक होऊ नये यासाठीच माझा सगळा आटापिटा चालला होता.

लोक आमच्याकडे जुनी नाणी पाठवतात. आम्ही ती तपासून एक ते सत्तरमधला एक आकडा देतो, जितका मोठा तितकं नाणं चांगलं, आणि नाणं प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतो. साठ आणि चौसष्टमध्ये बाजारात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि ज्या शहाण्याने नाणं घासूनपुसून चकचकीत केलं असेल त्याला आकडाच मिळत नाही. डबीवर ‘घासलेलं’ एवढंच लिहून येतं, मग बसा रडत. घासलेल्या नाण्यावर केसाहून बारीक ओरखडे असतात. दिव्याखाली तिरकं धरलं की ते दिसतात. मला एकवीस वर्षं दिसले. गेले आठ महिने दिसत नव्हते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेकडेचं सगळं दिसेल, पण नेमकं जिथे बघायला जाल तिथे धुकं. औषध? फारसं नाही. मी घरी येऊन बायकोला सांगितलं आणि चपलांसकट पलंगावर आडवा झालो.

“साहेबांना सांगून टाका,” ती म्हणाली. “एवढी वर्षं काम केलंय, हाकलून थोडेच देतील?”

“मग काय, दारातली कुंडी म्हणून ठेवतील?” मी खेकसलो. “ज्याला दिसत नाही त्याने तिथे करायचं काय?”

ती माझ्या पायांतल्या चपला काढायला लागली. मला तिचा राग नव्हता. मला भीती वाटत होती. या कामाखेरीज मला दुसरं काही येत नाही. ते गेलं की घरी खुर्चीत बसून राहायचं आणि एक दिवस ती खुर्चीही धूसर व्हायची.

सुटका झाली ती नवीमुळे. नवी म्हणजे माझ्यासमोर बसणारी बाई. तिशीतली, दोन मुलांची आई, आधी सोनाराच्या दुकानात होती. आमच्या दोघांमध्ये हातभर उंचीची फळी. बोलायचं नाही, एकमेकांना आकडा दाखवायचा नाही, हा नियम. वीस नाण्यांचा ट्रे आधी तिच्याकडे. ती पेन्सिलीने चिठ्ठीवर आकडे लिहायची, ट्रे माझ्याकडे सरकवायची आणि डोळ्यांवर गार पाणी मारायला जायची. प्रत्येक ट्रेनंतर पाच मिनिटं डोळे निववायचे, हाही नियमच. माझं झालं की दोन्ही चिठ्ठ्या एकदम पेटीत पडत. आकडे जुळले तर नाणं थेट डबीत, नाही जुळले तर साहेबांकडे.

ती नळाकडे गेली की मी फळीवरून हात घालून तिची चिठ्ठी उचलायचो. डोळ्यांच्या कोपऱ्यातून आकडे वाचायचो, ते पाठ करायचो, चिठ्ठी होती तशी ठेवायचो. नवी परत येईपर्यंत मी भिंग लावून बसलेला असे. चांगल्या नाण्याला मान डोलवायची, वाईटाला जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ करायचं. नाटकात कसूर नको. एकदा चिठ्ठी हातात असतानाच तिची पावलं वाजली आणि मी ती कशीबशी फळीपलीकडे टाकली. चोरी करायची सवय होते म्हणतात. मला झाली नाही. रोज पहिल्या दिवसाइतकीच भीती.

साहेब मात्र खूष. “घारकाका, तुमचं नि नवीचं शंभरातलं अठ्ठ्याण्णव वेळा जुळतं. पोरगी तयार केलीत!” मग त्यांनी मधूनमधून तपासणंही सोडून दिलं. मला वाटलं, निघतील दोन वर्षं. तेवढी निघाली की निवृत्त होऊन मोकळा.

मंगळवारी जेवणानंतर साहेबांनी आम्हां दोघांना खोलीत बोलावलं. टेबलावर एक नाणं, शेजारी आमच्या चिठ्ठ्या.

“तुमचं फारच जुळायला लागलं, म्हणून हे सकाळी तुमच्या ट्रेमध्ये मी घातलं होतं,” ते म्हणाले. “नवी, किती दिलेस?”

“चौसष्ट,” ती पुटपुटली.

“काका?”

“चौसष्ट.”

“हे नाणं मी काल घरी बसून दंतमंजनाने घासलंय. माझ्या या हाताने. नवशिक्यालासुद्धा दिसेल. एकाचं चुकलं तर समजू शकतो. दोघं चुकता, आणि चुकूनही तोच आकडा?” त्यांनी नवीकडे बघितलं. “काकांचं लक्ष नसेल एखाद्या वेळी. पण तू त्यांचं बघून लिहितेस. खरं बोल.”

नवी रडायलाच लागली. “हो, साहेब.”

मला काही कळेना. माझं बघून?

“मला पहिल्यापासूनच नीट जमत नव्हतं,” ती म्हणाली. “ते ओरखडे मला ओळखूच येत नाहीत. सांगितलं असतं तर काढून टाकलं असतं तुम्ही. मग मी आधी अंदाजाने काहीतरी लिहायचे. पाणी मारून आले की काकांचा चेहरा बघायचे. त्यांनी मान डोलवली की वाटायचं, बरोबर आलं आपलं. ‘च्च’ केलं नि माझा आकडा मोठा असला, तर खोडून बदलायचे. पण तशी वेळच यायची नाही हो. काका जवळजवळ सगळ्यालाच माझ्यासारखं म्हणायचे. मला वाटायला लागलं, आलं मला काम.”

आठ महिने या बाईने मनाला येईल ते लिहिलं होतं, मी ते चोरून पाठ केलं होतं, आणि माझ्या चोरीवर तिने विश्वास ठेवला होता. त्या सगळ्या नाण्यांकडे कुणीही बघितलं नव्हतं.

“तू उद्यापासून येऊ नकोस,” साहेब तिला म्हणाले. “काका, आता तुम्ही एकट्यानेच बघा. तुमचा आकडा शेवटचा. मी मध्ये येणार नाही.”

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण एकट्याने? रोज वीस-वीस नाणी, आणि समोर चिठ्ठीही नाही? नवीची मला दया आली, हे खरं. पण तोंड उघडलं ते भीतीनेच.

“साहेब, मला दिसत नाही. मी तिच्या चिठ्ठीवरून लिहीत होतो.”

साहेब उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. परत येऊन बसले ते खुर्चीच्या टोकावर. त्यांचा चेहरा मला धुक्यात होता, पण टेबलावरचे त्यांचे हात कडेने दिसत होते. ते आमच्या चिठ्ठ्या बारीक बारीक फाडत होते.

“आठ महिने,” ते म्हणाले. “सगळ्या डब्या बाहेर गेल्यात. त्यांच्यावर माझी सही आहे.”

त्यांनी ते घासलेलं नाणं खणात टाकलं.

“काका, डोळ्यांचं कुणाला सांगितलंय?”

“फक्त घरी.”

“घरीच राहू दे. आता एकदम माणसं बदलली, आकडे बदलले, तर लोक जुन्या डब्या फोडून बघायला लागतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.” मग ते नवीकडे वळले. “डोळे पूस. जागेवर जाऊन बस. दोघंही.”

“साहेब, पण मला खरंच...”

“मी काही ऐकलेलं नाही, काका. जा.”

आम्ही आपापल्या जागी बसलो. नोकरी जाईल म्हणून आठ महिने मला झोप नव्हती. ती गेली नव्हती, आणि आता सोडायचीही सोय राहिली नव्हती. नवा ट्रे आला. नवीने पहिलं नाणं उचललं, दिव्याखाली फिरवलं, खाली ठेवलं. मग फळीवरून वाकून तिने हळूच विचारलं,

“काका, काय लिहू?”